वाटाण्याच्या अंकुरापासून धनजच्या शिवारापर्यंत

चित्रपट म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे नट-नट्या, गाणी आणि मारामाऱ्या उभ्या राहतात. परंतु भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून आपण ज्यांना वंदन करतो, त्या दादासाहेब फाळके यांनी विलायतेहून आणलेला कॅमेरा मायदेशी लावला तो कोणा नटापुढे नव्हे. त्या कॅमेऱ्यापुढे होता कुंडीत पेरलेला वाटाण्याचा दाणा.

निसर्ग आणि पर्यावरणरक्षण या विषयांवरील माहितीपटांचा आपल्याकडील इतिहास लिहावयाचा, तर त्या दाण्यापासून आरंभ करणे आम्हांस उचित वाटते. हा इतिहास गिरगावात सुरू होतो. पुढे सरकारी अनुबोधपटांतून आणि नर्मदेच्या काठाने वाट काढीत तो वऱ्हाडात, वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात, धनजसारख्या गावांच्या शिवारापर्यंत येऊन पोहोचतो. या साऱ्या वाटचालीत एकच प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो. पडद्यावरची सृष्टी पाहून माणूस आपल्या दाराबाहेरची सृष्टी अधिक नीट पाहू लागतो काय? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा मागोवा घेणार आहोत.

गिरगावातील दोन खेळ

मुंबईकरांनी हलती चित्रे प्रथम पाहिली ती ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात. ल्युमिएर या फ्रेंच बंधूंची ती चित्रे होती. तीनच वर्षांनी, १८९९ साली, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईत एका कुस्तीचे चित्रण केले. म्हणजे डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट जशीच्या तशी टिपण्याची विद्या मराठी माणसाने कथापटाच्या कितीतरी आधी हस्तगत केली होती.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी धुंडिराज गोविंद फाळके यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा गृहस्थ चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई या विद्यांत निपुण होता. भागीदारांशी न पटल्याने छापखान्यातून बाहेर पडून तो पुढील मार्ग शोधीत होता. चरित्रकार सांगतात की, फाळके आपल्या थोरल्या मुलाला घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. तेथे पडद्यावर प्राण्यांचा खेळ चालू होता. पोराने घरी येऊन पडद्यावर चालणाऱ्या जनावरांचे वर्णन केले, पण आईचा, सरस्वतीबाईंचा, त्यावर विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके साऱ्या कुटुंबाला घेऊन गेले. त्या दिवशी मात्र खेळ बदलला होता. पडद्यावर होते ख्रिस्ताचे जीवन.

प्रभू येशूचे चरित्र पडद्यावर सरकत असताना फाळके यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि असे चित्रपट आपल्या देशात निर्माण करण्याचा त्यांनी निश्चय केला, ही कथा प्रसिद्धच आहे. तो काळ कोणी १९१०च्या नाताळचा सांगतात, तर कोणी १९११च्या पास्काचा. दोन्ही सण आपलेच आहेत, तेव्हा आपण या वादात शिरण्याचे कारण नाही. मात्र, वाचकहो, त्या दोन दिवसांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी प्राणी, मग प्रभू. ज्या कुटुंबातून भारतीय चित्रपट जन्मास आला, त्या कुटुंबाला पडद्याकडे प्रथम ओढून नेले ते मुक्या जनावरांनी.

दाणा, कुंडी आणि कॅमेरा

या ध्यासापायी फाळके यांनी डोळ्यांवर इतका ताण घेतला की, काही काळ त्यांची दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. १९१२च्या आरंभी ते लंडनला गेले, तेथे त्यांनी चित्रपटनिर्मितीची माहिती करून घेतली आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा खरेदी केला. परत आल्यावर प्रश्न उरला तो भांडवलाचा. न पाहिलेल्या धंद्यात पैसा कोण घालणार? म्हणून त्यांनी नमुन्यादाखल एक लहानसा चित्रपट तयार केला. त्याचे नाव ‘अंकुराची वाढ’.

कुंडीत वाटाणा पेरून समोर कॅमेरा स्थिर केला. महिन्याहून अधिक काळ, ठरावीक अंतराने, एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग चालविली तेव्हा मिनिटभरात दाणा फुटला, कोंब वर आला, पाने उलगडली आणि वेल झाला. डोळ्यांना कधीही न दिसणारी गती पडद्यावर दिसू लागली. इंग्लंडात पर्सी स्मिथ यांनी १९१० साली याच पद्धतीने फुले उमलताना दाखविली होती, आणि आता मुंबईत एका मराठी माणसाने ते साधले होते. ही करामत पाहून पैसे देणारे पुढे आले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. राजाच्या कीर्तीत वाटाण्याचा वेल झाकला गेला. तरीही आपल्या देशातील निसर्गविषयक माहितीपटाचा वंशवृक्ष काढावयाचा झाला, तर त्याचे मूळ याच कुंडीत सापडेल.

मार्कच्या शुभवर्तमानात बी पेरून निजणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आहे. तो झोपतो, उठतो, रात्री जातात, दिवस येतात. बी आपले वाढतच असते, आणि ते कसे वाढते याचा त्याला उमज पडत नाही. सेमिनरीत आम्ही या दृष्टान्ताचे विवरण अनेकदा ऐकले. फाळके यांची हकीकत वाचली तेव्हा वाटले, त्या शेतकऱ्याला जे दिसत नव्हते, ते दाखविण्यासाठीच जणू हे यंत्र जन्मले. मात्र यंत्राने गूढ संपविले नाही. कोंब कसा वर येतो हे दिसले, तो का वर येतो हे गूढच राहिले. त्या कुंडीने एक गोष्ट मात्र शिकविली. सृष्टी पाहावयाची तर एका जागी, दीर्घकाळ, न कंटाळता पाहावी लागते.

मुख्य चित्रपटाआधीची काही मिनिटे

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली भारत सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजन ही संस्था स्थापन केली. तिचे वार्तापट आणि अनुबोधपट प्रत्येक चित्रपटगृहाने मुख्य चित्रपटाआधी दाखविलेच पाहिजेत, असा दंडक होता. आमच्या पिढीला तो काळ चांगला आठवतो. पडद्यावर शेती, आरोग्य, वने, धरणे यांची माहिती चालू असे आणि प्रेक्षागृहात मात्र लोक खुर्च्या शोधीत, शेंगदाण्याच्या पुड्या सोडीत. गावोगावी मात्र चित्र वेगळे असे. प्रचारखात्याची गाडी येई, शाळेच्या पटांगणात पांढरा पडदा लागे आणि आबालवृद्ध जमिनीवर बसून तेच अनुबोधपट डोळे विस्फारून पाहत.

या अनुबोधपटांनी देशाला देश दाखविला, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि त्यांची दृष्टी सरकारची होती. धरण हा त्यांचा आवडता विषय. पाणी भिंतीवरून कोसळताना दिसे, दिवे लागताना दिसत. त्या पाण्याखाली कोणाचे घर गेले, हे क्वचितच दिसे. वन्यजीवांकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही तेव्हा बदलत होती. शिकारीच्या छायाचित्रांत मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभ्या राहणाऱ्या साहेबांचा जमाना मागे पडून १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पुढे दूरदर्शन घरोघरी पोहोचले आणि जंगल आपल्या माजघरात आले.

१९९० साली मुंबईत माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. २०२४च्या महोत्सवात व्ही. शांताराम यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुब्बय्या नल्लमुथू यांना मिळाला. वाघांवरील चित्रणासाठी ते ओळखले जातात. मधल्या काळात, २०२२ साली, फिल्म्स डिव्हिजन ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुख्य चित्रपटाआधीची ती सक्तीची मिनिटे त्यापूर्वीच इतिहासजमा झाली होती.

नर्मदेकाठची दैनंदिनी

सरकारी अनुबोधपटाने जे दाखविले नाही, ते दाखविण्याचे काम स्वतंत्र बाण्याच्या चित्रपटकारांनी अंगावर घेतले. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ हा १९९५ सालचा माहितीपट या बाबतीत मैलाचा दगड ठरावा. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ज्या आदिवासी गावांवर संकट आणले, त्यांपैकी मणिबेली हे गाव अक्कलकुवा तालुक्यात आहे. त्या वेळी तो तालुका धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा निर्माण झाला, तेव्हा तो त्यात गेला. योगायोग असा की, त्याच दिवशी अकोल्यातून वाशिम जिल्हाही वेगळा झाला.

धरण बांधावे की बांधू नये, याविषयी सुज्ञांत मतभेद होते आणि आहेत. गुजरातेत आणि कच्छात नर्मदेचे पाणी पोहोचले, हेही खरे. या माहितीपटाचे महत्त्व आमच्या मते दुसऱ्याच गोष्टीत आहे. चित्रपटकारांनी काही वर्षे त्या खोऱ्यात पुनःपुन्हा जाऊन लोकांचा लढा टिपला. नदी, डोंगर, वन आणि त्यांत राहणारी माणसे यांची ताटातूट करता येत नाही, हे त्यांनी दाखविले. तोवर निसर्गपटात माणूस आला की चित्र बिघडले, असे मानले जाई. येथून पुढे माणसावाचून चित्र अपुरे वाटू लागले.

खरे आणि बनावट

निसर्गपटाची ताकद त्याच्या खरेपणात असते, आणि तो खरेपणा सुटला की मोठे अनर्थ होतात. वॉल्ट डिस्ने यांच्या कंपनीने १९५८ साली ‘व्हाइट वाइल्डरनेस’ नावाचा चित्रपट काढला. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून उड्या टाकून सामुदायिक आत्महत्या करतात, असे दृश्य त्यात आहे. चित्रपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले आणि ती समजूत जगभर पसरली. पुढे १९८२ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने उजेडात आणले की, ते दृश्य रचलेले होते. जेथे लेमिंग राहतच नाहीत अशा ठिकाणी विकत घेतलेले प्राणी नेऊन त्यांना कड्यावरून ढकलले होते. मुक्या प्राण्याविरुद्ध दिलेली खोटी साक्ष हीदेखील खोटी साक्षच होय.

याउलट माइक पांडे यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा २००० सालचा माहितीपट पाहावा. गुजरातच्या किनाऱ्यावर देवमाशासारख्या प्रचंड, पण निरुपद्रवी अशा व्हेल शार्क माशाची शिकार कशी चालते, हे त्यांनी जसेच्या तसे दाखविले. दुसऱ्याच वर्षी, २००१ साली, या माशाला कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. कोळी बांधवांचे मन वळविण्यास मात्र आणखी काही लागले. २००४ साली मोरारीबापूंनी आपल्या वाणीतून या माशाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली आणि त्याला ‘वहाली’, म्हणजे लाडकी, हे नाव मिळाले. पुढे त्याच किनाऱ्यावरचे कोळी आपली जाळी कापून हे मासे सोडून देऊ लागले. चित्रपटाने डोळे उघडले, कायद्याने हात धरला, पण अंतःकरण द्रवले ते लोकांच्या स्वतःच्या भाषेत.

धनजच्या शिवारात

आता आपण वऱ्हाडात येऊ. धनज हे वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील गाव. काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन, आणि आकाशाकडे लागलेले डोळे, हे या भागाचे चित्र. याच तालुक्यात कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठी राखलेले अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १८ चौरस किलोमीटर. माळरानावरून काळविटांचा कळप उड्या घेत निघाला म्हणजे त्यासारखे दृश्य नाही. कोणाही चित्रपटकाराला भुरळ पडावी.

परंतु काळवीट अभयारण्याची हद्द ओळखत नाही. अंकुरलेले पीक त्याला आणि रोह्याला सारखेच प्रिय. शेतकरी मग मचाणावर बसून रात्र रात्र जागल करतो, डबे वाजवितो. नुकसानभरपाईची सरकारी तरतूद आहे, तरी जागल काही चुकत नाही. उडी मारणारे काळवीट पडद्यावर मंदगतीने, संगीताच्या साथीने दिसते. जागणारा शेतकरी मात्र दिसत नाही. दोघेही ईश्वराची लेकरे. ज्या माहितीपटात त्यांपैकी एकच असेल, तो अर्धाच खरा म्हणावा लागेल.

या भागातील शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आलेच नाही असे नाही. पश्चिम विदर्भातील आत्महत्यांनी देश हादरला, तेव्हा १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली. त्या सहांत वाशिम होता. नंदन सक्सेना आणि कविता बहल यांच्या ‘कॉटन फॉर माय श्राउड’ या २०११च्या माहितीपटाने विदर्भातील कपाशी, महागडे बियाणे आणि कर्ज यांचे जाळे उलगडून दाखविले, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. माती, बियाणे आणि पाणी हे पर्यावरणाचेच प्रश्न आहेत, आणि त्यांची किंमत शेतकऱ्याच्या चुलीपाशी मोजली जाते, हे त्यातून स्पष्ट झाले.

तथापि पाहणारे आणि दाखविले जाणारे यांच्यातील भिंत खऱ्या अर्थाने खाली आली ती २०१६ नंतर. आमीर खान आणि किरण राव यांनी त्या वर्षी पाणी फाउंडेशन स्थापन केले. सत्यजित भटकळ यांनी त्याची धुरा वाहिली. ही मंडळी मुळात चित्रपट-दूरचित्रवाणीतली. त्यांनी पाणलोटाचे शास्त्र लहान लहान मराठी चित्रफितींत उतरविले. उतारावरचे पाणी कसे अडवावे, समपातळी रेषा कशी आखावी, चर किती खोल खणावा, दगडी बांध कोठे घालावा, हे शेतकऱ्यांनी पडद्यावर पाहिले आणि उन्हाळ्यात श्रमदानाला उभे राहिले. पहिल्या वर्षी तीन तालुके होते. २०१७ साली ३० तालुक्यांतील १,३२१ गावांनी स्पर्धेत भाग घेतला, आणि त्या तालुक्यांत कारंजा होता. ‘तुफान आलंया’ या कार्यक्रमातून मग याच गावांची माणसे साऱ्या महाराष्ट्राने पाहिली.

ज्या वऱ्हाडात कॅमेरा बहुधा मेलेल्यांच्या घरी येत असे, तेथे तो कुदळ मारणाऱ्यांच्या मागोमाग आला, हा बदल आम्हांस फार मोलाचा वाटतो. अर्थात नुसते चर खणून दुष्काळ हटत नाही. मुरलेले पाणी उपसून पुन्हा तहानलेलीच पिके घेतली, तर श्रमदान वाया जाते, असा इशारा जाणकारांनी दिला आहे, आणि तो रास्त आहे. चित्रफीत चर दाखवू शकते. पाण्याचा हिशेब मात्र गावालाच मांडावा लागतो.

शिवार तर झपाट्याने बदलते आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता कारंजा तालुक्यातून जातो. काळविटांना ओलांडून जाता यावे म्हणून त्यावर खास मार्ग बांधावे लागले. गेल्या पन्नास वर्षांत या भागात माळ किती होता, नाले कोठून वाहत, कोणती पाखरे येत, हे सांगणारी वडीलधारी माणसे अजून आहेत. त्यांच्यानंतर ते कोण सांगणार?

पडदा आणि प्रार्थना

ख्रिस्तसभेने चित्रपटाकडे फार पूर्वीच लक्ष दिले. अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपट याच विषयावर परिपत्रक लिहिले. त्यात सावधगिरीचा सूर अधिक होता, पण या माध्यमाचे सामर्थ्य त्यांनी पुरते ओळखले होते. २०१५ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसृत केले आणि पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. त्या परिपत्रकावर आधारलेला ‘द लेटर’ हा माहितीपट ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या सणादिवशी, प्रदर्शित झाला. सेनेगलचा तरुण, ब्राझीलचा आदिवासी नायक, हवाईचे शास्त्रज्ञ यांच्यासमवेत आपल्या देशाची रिद्धिमा पांडे ही मुलगी त्यात पोपमहोदयांना भेटते. ज्यांना पृथ्वीच्या जखमा प्रथम लागतात त्यांनाच बोलावयास लावावे, ही त्या चित्रपटाची रीत. नर्मदेकाठी आणि वऱ्हाडात आपण पाहिली ती वाट हीच.

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ आता जगभर पाळला जातो. या काळात आपल्या धर्मग्रामांतून एखादा चांगला माहितीपट दाखवावा, असे आम्ही सुचवितोच. पण तेवढ्यावर थांबू नये. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे, म्हणजे फाळके यांना विलायतेहून आणावा लागला तो कॅमेरा प्रत्येक घरात आहे. आपल्या गावातील एक नाला, एक बांध किंवा एक झाड निवडावे. मुलांनी रोज, त्याच जागी उभे राहून, त्याचे एकच चित्र घ्यावे. मृगाच्या पहिल्या पावसापासून पुढच्या वैशाखापर्यंत. त्याला पैसा लागत नाही, लागते ती चिकाटी.

वर्षाअखेर ३६५ चित्रे जमतील. सेकंदाला १६ या वेगाने ती चालविली, तर तेवीस सेकंदांचाही चित्रपट होणार नाही. पण नाला केव्हा भरला, केव्हा आटला, त्यात कचरा कोणत्या महिन्यात आला आणि झाडाला पहिली पालवी केव्हा फुटली, हे त्यात दिसेल. ग्रामसभेत ते मांडता येईल, आणि शाळेच्या दप्तरात जपून ठेवता येईल. शिवाय ते टिपण्यासाठी जे मूल वर्षभर रोज त्या नाल्यापाशी जाईल, ते पुढे त्या नाल्यात कचरा टाकील असे आम्हांस वाटत नाही.